प्रबंध लिहायचा की प्रत्यक्ष काम शिकायचं? बी.ए.नंतरची पदवी निवडताना

 

आजचा विषय आहे बी.ए. झालेल्या मुलीनं पुढे काय शिकावं हा. गटाच्या सभेत बचत गोळा झाली, हप्ते झाले, वही मिटली की हल्ली कुणीतरी हमखास विचारतं, "ताई, पोरीची पंधरावी झाली, आता काय करू?" पूर्वी हा प्रश्न नव्हता, कारण पंधरावीपर्यंत पोहोचणाऱ्या पोरीच कमी होत्या. आता जव्हारला गोखले एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज आहे, एस.टी. आहे, वसतिगृहं आहेत. पोरी बी.ए. होतात. पण तिथून पुढची वाट घरात कुणीच चाललेलं नसतं. मग कुणी सांगतं बी.एड. कर, कुणी सांगतं एम.ए. कर, कुणी सांगतं लग्न करून टाका. मुलगी गोंधळते आणि ज्याचा फॉर्म आधी निघतो तो भरून मोकळी होते.

दोन वर्षं म्हणजे काही थोडा काळ नाही. घरातली कमावती होऊ शकणारी मुलगी दोन वर्षं शिकते तेव्हा घराची दोन वर्षांची मजुरी बुडते, वर भाडं, खोली, पुस्तकं. म्हणून फॉर्म भरण्याआधी एक गोष्ट नीट समजून घेऊ. पदव्युत्तर शिक्षणात, म्हणजे मास्टर्सच्या पदवीत, ढोबळपणे दोन प्रकारचं शिक्षण असतं. एकात मोठा भर प्रबंधावर, म्हणजे संशोधन करून लिहायच्या ग्रंथावर असतो. दुसऱ्यात प्रबंधाऐवजी विषयांचे पेपर आणि प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी जाऊन घ्यायचा अनुभव असतो. त्या अनुभवालाच कुणी इंटर्नशिप म्हणतं, कुणी क्षेत्रकार्य किंवा फिल्डवर्क, कुणी ओ.जे.टी. यातलं आपल्या मुलीला कुठलं बरं?

प्रबंध म्हणजे काय, आणि तो सगळ्यांना लागतो का?

प्रबंधात तुम्ही एक प्रश्न घेता. समजा, "दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांच्या शाळेचं काय होतं?" मग आधी कुणी यावर काय लिहिलंय ते वाचायचं, प्रश्नावली करायची, घरोघर जायचं, माहिती गोळा करायची, तिचा अर्थ लावायचा आणि सगळं नियमाप्रमाणे लिहून मार्गदर्शकाकडून तपासून घ्यायचं. हे चांगलं शिक्षण आहे. यातून माणूस विचार करायला शिकतो. पण त्याला वेळ लागतो, लिहिण्याचा सराव लागतो, आणि मार्गदर्शक वेळ देणारा लागतो.

काही पदव्यांना प्रबंध चुकत नाही. कृषी विद्यापीठातली एम.एस्सी., म्हणजे आपल्या कोकणासाठी दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठातली, प्रबंधाशिवाय पूर्ण होत नाही. एम.टेक., एम.फार्म. यांतही दुसऱ्या वर्षाचा मोठा भाग संशोधनाचा असतो. घरी बसून दूरशिक्षणानं केलं म्हणजे प्रबंध टळला असंही समजू नका. इग्नूच्या ग्रामीण विकास विषयाच्या एम.ए.मध्येही लघुप्रबंध ठेवलेला आहे.

उलट एम.बी.ए.ला पेपर, मध्ये सुट्टीत एखाद्या कंपनीत किंवा संस्थेत काम आणि त्याचा अहवाल अशी पद्धत असते. समाजकार्याच्या पदवीत, म्हणजे एम.एस.डब्ल्यू.मध्ये, क्षेत्रकार्य हा कणाच असतो.

आता नवीन नियम सांगते, कारण जुन्या विद्यार्थिनीला विचारून निर्णय घेतला तर फसगत होते. नव्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगानं, ज्याला आपण यू.जी.सी. म्हणतो, २०२४ साली पदव्युत्तर शिक्षणाचा आराखडा काढला. त्यात दोन वर्षांच्या मास्टर्सच्या दुसऱ्या वर्षासाठी तीन वाटा सांगितल्यात. एक, फक्त विषयांचे पेपर. दोन, पेपर आणि संशोधन दोन्ही. तीन, फक्त संशोधन. म्हणजे प्रबंधाशिवायची मास्टर्स ही कमी दर्जाची किंवा चोरवाट नाही, ती नियमातच आहे. ज्या मुलीनं चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतली असेल तिला मास्टर्स एका वर्षात करता येते. आणि दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात पहिलं वर्ष पास होऊन काही कारणानं थांबावं लागलं, तर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. हा शेवटचा मुद्दा आपल्या मुलींसाठी महत्त्वाचा आहे. घरात आजारपण आलं, लग्न ठरलं, तरी वर्ष पाण्यात जात नाही.

आपल्या महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत हा आराखडा कसा बसवलाय ते पाहा. दोन वर्षांची पदवी ८८ श्रेयांकांची. श्रेयांक म्हणजे क्रेडिट, अभ्यासाचं माप. आपण भात पायलीनं मोजतो तसा अभ्यास श्रेयांकानं मोजतात. पहिल्या वर्षी संशोधन पद्धतीचा ४ श्रेयांकांचा विषय आणि ४ श्रेयांकांचं कामावरचं प्रशिक्षण किंवा क्षेत्र प्रकल्प. दुसऱ्या वर्षी शोधप्रकल्प, तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्या सत्रात ६, मिळून १० श्रेयांकांचा. याचा अर्थ असा की साध्या एम.ए.लाही आता थोडं काम आणि थोडं संशोधन दोन्ही आलंच. पण तो शोधप्रकल्प म्हणजे पीएच.डी.चा प्रबंध नव्हे. ८८ मधले १० श्रेयांक. त्याला घाबरून पदवी सोडू नका.

तासांचा हिशेब करा

"आमच्याकडे इंटर्नशिप आहे" असं प्रत्येक कॉलेजच्या पत्रकात छापलेलं असतं. तेवढ्यावर जाऊ नका. गटात कर्ज देताना आपण विचारतो ना, किती, कशासाठी, किती महिन्यांत? तसंच विचारा, किती तास?

प्रत्यक्ष कामाचा एक श्रेयांक म्हणजे साधारण ३० तास. मग ४ श्रेयांकांचं प्रशिक्षण १२० तासांचं झालं. रोज ६ तास धरले तर २० दिवस. महिनाभराचं काम. कार्यालय कसं चालतं, नोंदी कशा ठेवतात, एवढं कळायला ते पुरतं. पण काम हातात बसायला पुरत नाही.

आता एम.एस.डब्ल्यू. पाहा. तिथे जुनी रीत अशी की आठवड्यातले दोन दिवस विद्यार्थिनी कॉलेजात नसते, ठरवून दिलेल्या संस्थेत, वस्तीत, दवाखान्यात किंवा शाळेत असते. आठवड्याला १५ तास आणि सत्र १५ आठवड्यांचं धरलं तर एका सत्रात २२५ तास होतात. चार सत्रांत ९००. शिवाय बऱ्याच ठिकाणी शेवटी महिनाभर सलग एका संस्थेत राहून काम करायचं असतं, त्याला ब्लॉक प्लेसमेंट म्हणतात. मधे ग्रामीण शिबिर असतं. केलेल्या कामाचा अहवाल दर आठवड्याला लिहायचा आणि शिक्षकांसमोर बसून त्यावर बोलायचं. काय बोललीस, समोरच्या बाईनं काय सांगितलं, तू तिथं का गप्प बसलीस, असं सगळं विचारतात. हा भाग चांगला मिळाला तर मुलगी तयार होते. नुसती सही घेऊन अहवाल फाइलला लागत असेल तर ९०० तासही वाया.

प्रत्येक कॉलेजचे तास थोडे कमी-जास्त असतात. म्हणून त्या कॉलेजचा अभ्यासक्रम, ज्याला सिलॅबस म्हणतात, तो मोबाइलवर उघडून क्षेत्रकार्याचे श्रेयांक किती आणि शोधप्रकल्पाचे किती, हे दोन आकडे कागदावर लिहून घ्या. मग दोन कॉलेजांची तुलना आपोआप होते.

समाजकार्याची शाळा आपल्याकडे केव्हा सुरू झाली

हे शिक्षण काल-परवाचं नाही. भारतातली समाजकार्य शिकवणारी पहिली संस्था मुंबईतच निघाली, १९३६ साली, सर दोराबजी टाटा यांच्या नावानं. पुढे १९४४ मध्ये तिचं नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झालं आणि १९६४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तिचा ग्रामीण परिसर तुळजापूरला आहे. मुंबईत चर्चगेटजवळ निर्मला निकेतनचं समाजकार्य महाविद्यालय १९५५ पासून आहे. पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था १९६३ पासून. आणि महर्षी कर्व्यांनी १९१६ साली बायकांसाठी सुरू केलेल्या एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठातही समाजकार्य शिकवतात.

काम करत करत शिकायची रीत तर आपल्याच जिल्ह्यानं दाखवलेली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचं काम उभं केलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच मुलांच्या अंगणात न्यायची, गुरं चारायला कुरणात जाणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवायची, हे त्यांना पाड्यावर जाऊन सुचलं. आज आपल्या गावागावात जी अंगणवाडी आहे, तिच्या नावामागे ते काम आहे.

समाजकार्याच्या अभ्यासक्रमात तीन मोठे विषय असतात. एकेका माणसाच्या अडचणीवर काम करणं, त्याला व्यक्ती सहाय्य कार्य म्हणतात. गटासोबत काम करणं, ते गट कार्य. आणि गाव किंवा वस्ती एकत्र आणणं, ते समुदाय संघटन. ही नावं ऐकून मुली घाबरतात. पण आपण सभेला बसतो, रुसलेल्या सभासदाला परत आणतो, थकलेला हप्ता न भांडता वसूल करतो, ग्रामसभेत पाण्याचा विषय लावून धरतो, तेव्हा तेच करत असतो. जिच्या आईनं दहा वर्षं गट चालवलाय ती मुलगी या विषयात कोरी नसते.

आपल्या गावाचा या विषयाशी संबंध

वावर-वांगणी हे नाव राज्यभर कशामुळे पोहोचलं ते आपल्याला ठाऊक आहे. १९९२-९३ साली कुपोषणानं आपली लेकरं गेली. मग मंत्री आले, अधिकारी आले, डॉक्टर आले, वर्तमानपत्रवाले आले, संस्था आल्या. त्यांच्यामागून अभ्यास करणारे आले. अजून येतात. वजनकाटा घेऊन येतात, प्रश्नावली घेऊन येतात. घरात किती माणसं, काय खाता, किती दिवस काम मिळतं. आपण नागलीची भाकर बाजूला ठेवून उत्तरं देतो. ते कागद कुठंतरी प्रबंधात बांधले जातात. प्रबंध इंग्रजीत असतो आणि दूरच्या ग्रंथालयात असतो. ज्या बाईनं उत्तरं दिली तिला तो कधी दिसत नाही.

हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. अशा अभ्यासांतून योजना निघतात, पैसा येतो, हेही खरं आहे. पण आपल्या पोरी मास्टर्सला जातील तेव्हा त्यांच्यापुढे हा प्रश्न असणार आहे. उत्तरं देणाऱ्याच्या घरातली मुलगी आता प्रश्न विचारणारी होते आहे. तिला संशोधन यायला हवं, कारण आपल्याविषयी काय लिहिलंय ते वाचून "हे असं नाही, हे असं आहे" म्हणणारं कुणीतरी हवं. आणि तिला प्रत्यक्ष कामही यायला हवं, कारण वजन कमी भरलेलं लेकरू प्रश्नावलीनं बरं होत नाही. त्याला बालउपचार केंद्रात नेणारं, आईची मजुरी बुडते तिचं काय ते पाहणारं माणूस लागतं. म्हणून प्रबंध चांगला की काम चांगलं, असं भांडण मी लावत नाही. तुमच्या मुलीला आधी कशाची गरज आहे, एवढंच बघायचं आहे.

कुणी काय घ्यावं

जिला पुढे कॉलेजात शिकवायचं आहे, पीएच.डी. करायची आहे, लिहिण्यात रस आहे, तिनं संशोधनाचा भाग मोठा असलेली पदवी घ्यावी. त्या सरावाचा तिला उपयोग होईल. पण इथं एक गैरसमज दूर करते. "प्रबंध केला नाही तर पुढे पीएच.डी. बंद" असं सांगणारे भेटतात. भारतात तसा नियम नाही. यू.जी.सी.च्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.साठी दोन वर्षांची मास्टर्स आणि ५५ टक्के गुण लागतात, आणि अनुसूचित जमाती, अनुसूचित जाती, इतर मागास वर्ग वगैरेंना ५ टक्क्यांची सूट आहे. मास्टर्सला प्रबंध लिहिलाच पाहिजे असं त्यात नाही. एम.फिल. तर त्याच नियमांनी बंद झाली. परदेशात जायचं असेल तर तिथल्या विद्यापीठाची अट वेगळी असू शकते, ती आधी विचारावी.

जिला दोन वर्षांनी नोकरीला लागायचंच आहे, घर तिच्याकडे डोळे लावून बसलंय, तिनं कामाचा अनुभव जास्त असलेली पदवी बघावी. एम.एस.डब्ल्यू. झालेल्यांना उमेद, माविम, बालसंरक्षण, आरोग्य प्रकल्प, स्वयंसेवी संस्था अशा ठिकाणी अर्ज करता येतात. सरकारी रुग्णालयातलं समाजसेवा अधीक्षक हे पद समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी असतं. मात्र यातल्या बऱ्याच जागा कंत्राटी असतात, हे मुलीला आणि तिच्या आईला आधीच सांगा. कंत्राट दरवर्षी नव्यानं होतं, पगार थांबून थांबून येतो. डोळे उघडे ठेवून जावं.

जिला शाळेत शिक्षिका व्हायचं आहे तिनं एम.ए.त दोन वर्षं घालवण्याआधी बी.एड.चा विचार करावा. त्यातही शाळेत जाऊन शिकवण्याची इंटर्नशिप असते. पण शिक्षिका होण्यासाठी टी.ई.टी. आणि अभियोग्यता चाचणी अशा परीक्षा पुढे असतात, आणि भरती निघेपर्यंत थांबावं लागतं, हेही लक्षात ठेवा.

आणि जी सून आहे, लेकुरवाळी आहे, गटात सी.आर.पी. म्हणून काम करते, तिनं "आता वय गेलं" म्हणू नये. इग्नूमध्ये एम.एस.डब्ल्यू. करता येतं आणि त्यातही क्षेत्रकार्य सक्तीचं आहे. म्हणजे घरी बसून पुस्तकं वाचली आणि झालं, असं नाही. पण जी रोज पाड्यांवर फिरतेच आहे तिला हे जड जाऊ नये. प्रवेश घेण्याआधी क्षेत्रकार्याचा पर्यवेक्षक कोण, संपर्क वर्ग कुठं आणि किती दिवस, हे अभ्यास केंद्रात विचारा. दुसरं कुठलंही दूरशिक्षण घेणार असाल तर त्या विद्यापीठाला त्या अभ्यासक्रमासाठी यू.जी.सी.च्या दूरशिक्षण मंडळाची मान्यता आहे का, हे त्यांच्या संकेतस्थळावर पाहूनच पैसे भरा. एजंटाच्या तोंडी शब्दावर नको.

कॉलेजात विचारायचे प्रश्न

आता कागद-पेन्सिल घ्या. मुलगी लाजत असेल तर आईनं विचारावेत.

पहिला, इंटर्नशिपची जागा कॉलेज मिळवून देतं की मुलीनं शोधायची? स्वतः शोधायची असेल तर आपल्या भागातली जागा चालेल का? चालत असेल तर जव्हारचं पतंगशाह कुटीर रुग्णालय, पंचायत समिती, एकात्मिक बालविकास प्रकल्पाचं कार्यालय, उमेदचा तालुका कक्ष, इथं आधी जाऊन अर्ज देता येईल. घरच्या खर्चात काम शिकता येईल.

दुसरा, तिथं शिकवणारं कोण? संस्थेतली एक आणि कॉलेजातली एक अशी दोन माणसं ठरलेली असावीत. "जा आणि बघ" असं असेल तर मुलगी फोटो काढणं आणि रजिस्टर उतरवणं एवढंच शिकते.

तिसरा, येण्याजाण्याचा खर्च कोण देतं? बहुतेक क्षेत्रकार्याला मानधन नसतं. समजा मुंबई-ठाण्यात राहून एका दिवसाला येऊन-जाऊन १२० रुपये लागले आणि महिन्यातून आठ दिवस जायचं, तर ९६० रुपये झाले. दहा महिन्यांचे ९,६००. हा आकडा कुठल्याच पत्रकात छापत नाहीत. आपल्याकडे रेल्वे नाही, पण एस.टी.त बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, गावी येताना तेवढी बचत. आणि २०२४ साली सरकारनं सुरू केलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, ज्यात पदवीधराला महिना १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं, ती वेगळी गोष्ट आहे. ती कॉलेजची इंटर्नशिप नव्हे. दोन्ही एक समजून बजेट करू नका.

चौथा, सुरक्षेचं काय? इंटर्नशिपला गेलेली मुलगी "आम्ही काय तिथले कर्मचारी नाही" म्हणून गप्प बसते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा शिकाऊ मुलींनाही लागू आहे. जिथं दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथं अंतर्गत समिती असलीच पाहिजे. त्याहून लहान संस्था असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. समितीत कोण आहे, त्यांचं नाव पहिल्याच दिवशी विचारून ठेवायचं. यात लाजण्यासारखं काही नाही.

पाचवा, परीक्षा मराठीत लिहिता येते का? अहवाल मराठीत चालतो का? काही ठिकाणी चालतो, काही ठिकाणी सगळं इंग्रजीत असतं. इंग्रजीत असलं तरी पाऊल मागे घेऊ नका, पण वर्ग सुरू व्हायच्या आधीचे दोन महिने रोज तासभर वाचन करा. आणि एक लक्षात ठेवा, आपल्या पाड्यांवर काम करायचं तर वारली, कोकणा, काथोडी, ठाकर घरांत बोलता येणं ही पात्रता आहे. बाहेरून आलेल्या मुलीला ती शिकायला वर्ष जातं. मुलाखतीत हे स्पष्ट सांगा.

पैशाची तयारी

अनुसूचित जमातीच्या मुलींसाठी पदव्युत्तर शिक्षणालाही भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. घरचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागतं. अर्ज महाडीबीटीवर भरायचा आणि दरवर्षी नूतनीकरण करायचं. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयं योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे थेट मुलीच्या खात्यात येतात. याची माहिती जव्हारच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात मिळते. यासाठी जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि आधार जोडलेलं बँक खातं लागतं. वैधता प्रमाणपत्राला वेळ लागतो, म्हणून ते तिसऱ्या वर्षाला असतानाच करून ठेवा. निकालानंतर धावपळ केली तर मुदत निघून जाते.

शिष्यवृत्तीचे पैसे उशिरा येतात. कॉलेज आधी फी मागतं का, की शिष्यवृत्ती येईपर्यंत थांबतं, हे लेखी विचारा. हा प्रश्न लहान नाही. २०१८ च्या फेब्रुवारीत टाटा इन्स्टिट्यूटसारख्या मोठ्या संस्थेत शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मागासवर्गीय विद्यार्थ्यांची फी-सवलत काढल्यावरून विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला होता. मोठं नाव आहे म्हणून हा प्रश्न सुटत नाही.

मधल्या महिन्यांसाठी गटातून कर्ज घेता येईल. समजा २०,००० घेतले आणि गटाचा दर महिना दीड टक्का आहे, तर पहिल्या महिन्याचं व्याज ३०० रुपये. शिष्यवृत्ती जमा झाली की त्यातून मुद्दल आधी फेडायचं, असं ठरावात लिहून घ्या. आपण बकरीसाठी, मोगऱ्याच्या रोपांसाठी, घराच्या पत्र्यांसाठी कर्ज देतो. मुलीच्या क्षेत्रकार्याच्या भाड्यासाठी द्यायला हरकत नसावी. पण दागिना गहाण टाकून, सावकाराकडून आणून फी भरू नका. त्याआधी प्रकल्प कार्यालयात जाऊन या.

शेवटी मुलींना थोडं

मुलींनो, इंटर्नशिपला जाल तेव्हा एक वही स्वतःची ठेवा. कॉलेजला द्यायचा अहवाल वेगळा. या वहीत कुणाकडून काय शिकलात, कुठला अर्ज कुठं जातो, कुठल्या साहेबांच्या सहीनं काम होतं, ते लिहा. मुलाखतीत "काय काम केलंस?" असं विचारतात तेव्हा ही वही कामाला येते. काम संपल्यावर संस्थेकडून तारखा, तास आणि कामाचं स्वरूप लिहिलेलं प्रमाणपत्र मागून घ्या. नुसतं "इंटर्नशिप पूर्ण केली" असं नको.

आणि शोधप्रकल्प करायची वेळ आली, आपल्याच तालुक्यातल्या कुठल्या पाड्यावर माहिती गोळा केलीत, तर शेवटी एक संध्याकाळ तिथं परत जा. काय सापडलं ते दहा मिनिटांत मराठीत, तुमच्या घरच्या बोलीत सांगा. ज्या बायांनी वेळ दिला त्यांना कळू द्या त्यांचं उत्तर कुठं गेलं. त्याला श्रेयांक नाही मिळत. पण पुढच्या वेळी दार वाजवाल तेव्हा त्या आत बोलावतील.

ज्यांच्या घरात यंदा कुणी पंधरावी झालीय, त्यांनी येत्या सभेला दोन कॉलेजांचे सिलॅबस मोबाइलवर उतरवून आणा. श्रेयांक, तास, भाडं आणि फी हे चार आकडे आपण वहीत मांडू आणि मुलीला समोर बसवून तिला काय आवडतं ते विचारू. चार आकडे आपण मांडायचे. निवड तिनं करायची, कारण दोन वर्षं ती घालवणार आहे.

पुढच्या वेळी महाडीबीटीचा अर्ज भरताना कुठं अडतं, त्यावर बोलू. तोवर रामराम.